न पुसलेला फरक

प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग चालू असतो. गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ यायला हवे, हे मुलांना आधीच ठाऊक असते. कोणाचे ९.६ येते, कोणाचे १०.१. मग पेन्सिलीने लिहिलेले एखादे वाचन हळूच पुसले जाते आणि वहीत ९.८ उतरते. विद्यार्थी असताना आम्हीही हेच केले आहे. पुस्तक आणि प्रयोग जुळले नाहीत की चूक प्रयोगाचीच, असे आपण धरून चालतो. १९४७ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात असाच एक छोटा फरक आढळला. पण तो कोणी पुसला नाही. त्याची ही हकिकत.

काही मूलद्रव्यांच्या वर्णरेषा नीट पाहिल्या तर एकेक रेषा अगदी जवळजवळच्या अनेक रेषांची बनलेली दिसते, हे मायकेलसनने १८९०च्या दशकातच पाहिले होते. हीच अतिसूक्ष्म संरचना. १९२४ मध्ये पाउलीने सुचवले की याचे कारण अणुकेंद्रात असावे. अणुकेंद्रालाही फिरकी आहे, म्हणून तेही एक चिमुकले चुंबक आहे.

हायड्रोजनचा अणू घेऊ. त्यात एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, म्हणजे दोन छोटी चुंबके. त्यांच्या फिरकी एकाच दिशेने असतील तर अणूची ऊर्जा किंचित जास्त, विरुद्ध दिशेने असतील तर किंचित कमी. या दोन अवस्थांमधील अंतर वारंवारतेच्या भाषेत सुमारे १४२० मेगाहर्ट्‌झ भरते. हायड्रोजनच्या तांबड्या वर्णरेषेची वारंवारता सुमारे ४५ कोटी ७० लाख मेगाहर्ट्‌झ असते. तिच्यापुढे हे अंतर इतके क्षुल्लक, की प्रकाशाचा वर्णपट पाहून ते अचूक मोजणे अवघडच.

इसिडोर राबी यांनी वेगळी वाट काढली होती. निर्वात नळीतून अणूंचा झोत सोडायचा, चुंबकांनी तो वळवून शोधकापर्यंत न्यायचा आणि वाटेत त्यावर रेडिओलहरी टाकायच्या. लहरींची वारंवारता नेमकी जुळली की अणू आपली अवस्था बदलतात, त्यांचा मार्ग चुकतो आणि शोधकावर पोचणारे अणू कमी होतात. म्हणजे रेषेकडे डोळे ताणून पाहायला नको. थेट वारंवारताच मोजता येते. या तंत्राबद्दल राबींना १९४४चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९४७ मध्ये जॉन नेफ, एडवर्ड नेल्सन आणि राबी यांनी हायड्रोजनचे अंतर मोजले. उत्तर आले १४२१.३ मेगाहर्ट्‌झ. सिद्धांतावरून काढलेली किंमत होती १४१६.९. फरक हजारात जेमतेम तीन! पण मापनातली अनिश्चितता ०.२ आणि गणितातली सुमारे ०.५ होती. ४.४चा फरक त्यात मावत नव्हता.

मग दोष कोणाचा? पहिला संशय साहजिकच अणुकेंद्रावर जातो. पण या तिघांनी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजनही मोजला होता. या समस्थानिकाच्या अणुकेंद्रात प्रोटॉनबरोबर एक न्यूट्रॉन असतो आणि त्याचे चुंबकत्व एकट्या प्रोटॉनच्या एक-तृतीयांशाहून कमी असते. त्याची अपेक्षित वारंवारता होती ३२६.५३ आणि मोजलेली ३२७.३७. म्हणजे येथेही फरक हजारात सुमारे अडीच ते तीन! अणुकेंद्रे इतकी वेगळी आणि फरक मात्र जवळजवळ सारख्याच प्रमाणात. दोन्ही अणूंत समान असे काय आहे? इलेक्ट्रॉन.

ग्रेगरी ब्राइट यांनी तेच सुचवले. डिरॅकच्या सिद्धांताने सांगितलेल्या किमतीपेक्षा इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व थोडे जास्त असावे. १९४७च्या अखेरीस ज्युलियन श्विंगर यांनी ही वाढ गणिताने काढली : ०.००११६, म्हणजे हजारात एकाहून थोडी जास्त. मग प्रयोगातला फरक दुपटीहून जास्त का? कारण प्रोटॉनचे चुंबकत्वही त्या काळी इलेक्ट्रॉनशी तुलना करूनच ठरवले होते. इलेक्ट्रॉनचे माप खोटे, म्हणून उत्तरात चूक दोनदा शिरली. पॉलिकार्प कुश आणि हेन्री फोली यांनी गॅलियम, सोडियम अशा इतर मूलद्रव्यांवर मोजून इलेक्ट्रॉनच्या या वाढीला दुजोरा दिला.

मूळ मापनही अगदी बिनचूक नव्हते. १९४८ मध्ये नेफ आणि नेल्सन यांनी पुन्हा मोजले तेव्हा १४२०.४१ हे उत्तर आले. चूक दुरुस्त झाली ती आकडा पुसून नव्हे, अधिक काळजीने पुन्हा मोजून.

हीच वारंवारता आकाशातूनही येते. तिची तरंगलांबी २१ सेंटिमीटर. आकाशगंगेतील हायड्रोजनकडून अशा लहरी येत असाव्यात, हे नेदरलँड्‌समधील व्हान डे हल्स्ट यांनी १९४४ मध्येच सांगितले होते. १९५१ मध्ये हार्वर्डच्या यूएन आणि पर्सेल यांनी त्या टिपल्या. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तीही हायड्रोजनच्या याच लहरींचा शोध घेते. शाळेची सहल तिकडे गेली तर मुलांना या चिमुकल्या चुंबकांची गोष्ट जरूर सांगावी.

आणि वर्गात? कोणाचे उत्तर ९.६ आले तर वही परत करण्याआधी एकच प्रश्न विचारावा : तुझ्या मापनात अनिश्चितता किती? ती ०.३ असेल तर ९.६ हे उत्तर चांगलेच आहे, ९.८ करण्याची गरजच नाही. आणि ती ०.०५ इतकीच असेल, तर फरक का पडला ते शोधायला हवे. बहुतेक वेळा दोरीची लांबी मोजण्यात किंवा आंदोलने मोजण्यात चूक सापडेल. पण पुसलेल्या आकड्यात काहीच सापडत नाही.