म्हादईच्या तारा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते. तिच्याच पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेली ५६ फुटी शिडाची नौका २००९ साली नौदलात दाखल झाली. नाव अर्थातच ‘म्हादई’. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली व मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. भारतीयांत ते पहिले.

अशा नौकेचे प्राण डोलकाठीला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारांत असतात. आट्यांचे पेच फिरवून त्यांचा ताण, दोन्ही अंगांना सारखा, बंदरातच बांधावा लागतो. तार सैल राहिली तर काठी हेलकावते व प्रत्येक हिसक्याने धातू थकत जातो. फाजील आवळली तर काठी खाली दाबली जाऊन साऱ्या सांगाड्यावर भार येतो. भर वाऱ्यात आडोशाकडची तार किंचित ढिली पडतेच. नवशिका तिला घाबरतो. जाणता ती लोंबू लागली तरच पेचाला हात घालतो.

गोव्यातच बांधलेली ‘थुरिया’ सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात उलथली व तिची डोलकाठी मोडली. तेथे कोणताही ताण पुरा पडला नसता. पाठ जायबंदी झालेले अभिलाष टॉमी तीन दिवस पडून होते. मग फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.