न झालेल्या दंगलीचा इतिहास

दंगलींचे अहवाल निघतात, ग्रंथ निघतात. जी दंगल झालीच नाही, तिची नोंद मात्र आपण फारशी ठेवत नाही.

भिवंडी हे हातमागाचे आणि पुढे यंत्रमागाचे जुने गाव. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये गाव पुन्हा जळाले. पण ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

हा योगायोग नव्हता. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने बसत. पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांना मान होता, आणि त्या भागाचा फौजदारही बैठकीत असे. गल्लीतल्या किरकोळ तक्रारी मिटवता मिटवता माणसे एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. मग अफवा उठली, तरी खरेखोटे विचारायला ओळखीचा माणूस होता.

जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा पेटला, गोळीबार झाला, दोन पोलीसही मारले गेले. अमन एकदा मिळवून कायमचा राहत नाही. त्यासाठी पुन्हापुन्हा एकत्र बसावे लागते.

वर्गात मुले सनावळी पाठ करतात. १९७० आणि १९८४ बरोबर १९९२ ची भिवंडीही त्यांना शिकवली पाहिजे.