विस्कटलेल्या अक्षरांचा इतिहास

1956 पर्यंत बालाघाटचा कारभार नागपूर राजधानीतून चाले. राज्यपुनर्रचनेनंतर बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, शेजारचा भंडारा पुढे महाराष्ट्रात आला. तरी दोन्हीकडच्या कागदांची लिपी देवनागरीच राहिली. बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंडची तांब्याची खाण 1982 मध्ये सुरू झाली तेव्हा टंकलिखित मराठी-हिंदी पत्र सीमेच्या कोणत्याही बाजूला सहज वाचता येई. ही एकवाक्यता संगणकाच्या फॉन्टांनी मोडली. मध्य प्रदेशात कृतिदेव रुळला, महाराष्ट्रात श्रीलिपी आणि सी-डॅकचे फॉन्ट. कृतिदेव इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’चे चित्र बसवतो, इतर फॉन्टांची मांडणी वेगळी. त्यामुळे महाराष्ट्रातल्या गोंदियातली फाइल मलाजखंडच्या संगणकावर फॉन्टअभावी निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटू शकते. 1991 मध्ये इस्की हे अक्षरसंकेतांचे भारतीय मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, पण जुन्या फायली जुन्याच संकेतांत अडकून राहिल्या. माझ्या मते अशा बिघाडात दोष यंत्राचा क्वचितच असतो; दोन टोकांनी पाळायचा संकेत एका टोकाला बदललेला असतो.

प्रिंटरचा इतिहासही हेच सांगतो. 1984 पासून एचपीच्या लेसर प्रिंटरांनी पीसीएल ही भाषा रूढ केली आणि त्याच सुमारास अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट आली. पोस्टस्क्रिप्टच्या ड्रायव्हरने पाठवलेले पान फक्त पीसीएल जाणणाऱ्या प्रिंटरला मिळाले, तर तो आज्ञाच मजकूर समजून छापत सुटतो. विंडोज एनटी 4 चे ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात चालत. विंडोज 2000 ने त्यांना गाभ्याबाहेर चालण्याची सोय दिली आणि विंडोज 8 सोबत ड्रायव्हरांची चौथी पिढी आली. कार्यालयातला सामायिक प्रिंटर एका पिढीचा ड्रायव्हर देतो आणि जोडलेला संगणक दुसऱ्या पिढीचा वापरतो, तेव्हा जुळणी मोडू शकते.

यावर कोणी म्हणेल, पीडीएफ करून पान चित्र म्हणून छापावे, काम भागते. निकडीला तो उपाय योग्यच आहे, आणि चित्र नीट छापले गेले तर प्रिंटर धडधाकट असल्याचा पुरावाही मिळतो. मात्र मूळ विसंगती तशीच राहते आणि पुढचा कागद पुन्हा बिघडतो. दुसरा आक्षेप असा की युनिकोडने प्रश्न संपवला. युनिकोडने अक्षरांचा संकेत ठरवला, प्रिंटरची भाषा नव्हे. म्हणून आधी प्रिंटरचे स्वचाचणी पान काढावे, रांगेतली कामे पुसावीत, जुना ड्रायव्हर समूळ काढून दोन्ही टोकांना एकच आवृत्ती व एकच भाषा ठेवावी, आणि प्रत्येक संगणकावर कोणती आवृत्ती आहे याची नोंद करावी. जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचे कामही प्रत्येक कार्यालयाने हाती घ्यावे. ते टाळले तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दप्तरांतला कित्येक वर्षांचा मजकूर वाचणे दिवसेंदिवस अवघड होत जाईल.