इंग्रजीच्या कसोटीचें पूर्ववृत्त

परदेशांतील विद्यापीठांत शिकावयास जाण्यापूर्वीं इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, ही गोष्ट आपल्याकडे आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिलाही कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पहिल्या इयत्तेपासून पदवीपर्यंत ज्याचें सारें शिक्षण इंग्रजींतून झालें, असा मुंबई-पुण्याचा पदवीधरही टोफेल किंवा आयईएलटीएस यांपैकीं एखाद्या परीक्षेस बसतो, बहुधा १५,००० रुपयांहून अधिक शुल्क भरतो, आणि ज्याची मुदत अवघी दोन वर्षें असा एक आंकडा पदरांत पाडून घेतो. हा आंकडा म्हणजे सोनाराच्या कांट्यावरील वजन, त्यांत वादास जागा नाहीं, अशी त्याची समजूत असते. परंतु कांटा कोणीतरी घडविलेला असतो, आणि घडविणाराचा त्यांत कांहीं हेतु असतो. ह्या परीक्षांचें पूर्ववृत्त पाहूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, त्यांच्या मागें एक नव्हे, दोन हेतु आहेत. एक शिक्षकाचा, व दुसरा पहारेकऱ्याचा. शिक्षक विचारतो, ‘ह्याला माझें व्याख्यान समजेल काय?’ पहारेकरी विचारतो, ‘ह्याला आंत सोडावें काय?’ हे दोन प्रश्न निराळे आहेत. तथापि गेल्या शंभर-सवाशें वर्षांत ते एकमेकांत असे मिसळले आहेत कीं, परीक्षा घेणारासही आपण कोणता प्रश्न विचारीत आहों ह्याचें नेहमींच भान असतें असें नाहीं.

आरंभीं अशी परीक्षा मुळींच नव्हती. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या. त्यांचें इंग्रजी गोपाळरावांच्या हट्टानें घरींच झालेलें. त्यांच्या ज्ञानाची जी काय परीक्षा झाली ती त्यांनीं प्रवेशासाठीं लिहिलेल्या पत्राची. तें पत्र वाचून महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडले ह्यांनीं त्यांना घेतलें, आणि १८८६ सालीं आनंदीबाईंनीं पदवी मिळविली. पुढें मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी घेऊन व बडोदे संस्थानची शिष्यवृत्ति मिळवून भीमराव आंबेडकर १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथेंही त्यांची पदवी हेंच त्यांच्या इंग्रजीचें प्रमाणपत्र होतें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यापासून येथील शिक्षणाची भाषाच इंग्रजी. तेव्हां पदवीधराला निराळें इंग्रजी विचारणें म्हणजे पोहून आलेल्यास पाणी माहीत आहे काय असें विचारण्यासारखें झालें असतें.

योगायोग असा कीं, आंबेडकर ज्या वर्षीं अमेरिकेस गेले त्याच वर्षीं, म्हणजे १९१३ सालीं, केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षामंडळानें परकीयांसाठीं इंग्रजीची पहिली मोठी परीक्षा घेतली. ‘सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशिअन्सी इन इंग्लिश’ असें तिचें नांव. ती विद्यापीठप्रवेशासाठीं नव्हती. परदेशांत इंग्रजी शिकवूं इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठीं होती. परीक्षा बारा तासांची. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मन भाषेंत व त्या भाषांतून इंग्रजींत भाषांतर, व्याकरण, निबंध, इंग्रजी वाङ्मयाची तीन तासांची पत्रिका, दीड तासाची ध्वनिशास्त्राची पत्रिका, आणि शिवाय श्रुतलेखन, वाचन व संभाषण. शुल्क तीन पौंड. निबंधासाठीं सहा विषय दिले होते. त्यांत मॅथ्यू आर्नल्ड होता, एलिझाबेथकालीन प्रवास व भूशोध होते, आणि ‘इंडियन म्यूटिनी’ हाही एक विषय होता. आपण ज्यास सत्तावनचें बंड अथवा स्वातंत्र्ययुद्ध म्हणतों, त्यावर युरोपांतील एखाद्या शिक्षकानें काय लिहिलें म्हणजे त्याचें इंग्रजी चांगलें ठरावें? प्रश्नाचा रोख उघड आहे. ही परीक्षा भाषेपुरती नव्हती. इंग्रज सुशिक्षिताच्या मनांत जें जग असतें तें उमेदवाराच्या मनांत उतरलें आहे कीं नाहीं हेंही ती पाहत होती. परीक्षेस तीन उमेदवार बसले, आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले.

तथापि परीक्षा मोडली नाहीं. बरींच वर्षें उमेदवारांची संख्या अल्पच राहिली. मग ध्वनिशास्त्राची पत्रिका गळाली, आणि तिसाव्या सालानंतरच्या दशकाच्या अखेरीस केंब्रिज व ऑक्सफर्ड ह्या विद्यापीठांनीं परकीय विद्यार्थ्यांच्या इंग्रजीचा पुरावा म्हणून ती मान्य केली. अशा रीतीनें शिक्षक घडविण्याची परीक्षा विद्यार्थी निवडण्याच्या कामीं आली. ह्या सबंध धारेंत कितीही दोष असले तरी तिचा उगम शाळेंत आहे, हें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या धारेचा उगम मात्र बंदरावरचा. १८९७ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतीनें हिंदी लोकांचें आगमन रोखण्यासाठीं कायदा केला. त्यांत हिंदी हा शब्द कोठेंही नव्हता. येणाऱ्यानें युरोपीय भाषेंत ठराविक नमुन्याचा अर्ज स्वतः लिहून सही करावी, एवढीच अट. राणीच्या प्रजाजनांत वर्णावरून भेद केला असें दिसूं नये आणि भेद तर व्हावा, अशी ही युक्ति होती. वसाहतींचे मंत्री जोसेफ चेंबरलेन ह्यांनीं त्याच वर्षीं इतर वसाहतींच्या मुख्य प्रधानांपुढें हाच नमुना ठेवला. ऑस्ट्रेलियानें १९०१ सालीं तो उचलला व त्यास धार लावली. अधिकाऱ्यानें पन्नास शब्दांचा उतारा युरोपीय भाषेंत सांगावयाचा आणि प्रवाशानें तो लिहावयाचा. भाषा कोणती हें मात्र अधिकारी ठरविणार! इंग्रजी येणाऱ्यास दुसरी एखादी युरोपीय भाषा सांगतां येई. १९०९ सालानंतर ही परीक्षा कोणीही उत्तीर्ण झालें नाहीं. १९३४ सालीं एगोन किश हा प्रागचा बहुभाषी लेखक फॅसिझमविरुद्ध बोलावयास तेथें गेला असतां त्याला स्कॉटलंडमधील गेलिक भाषेचा उतारा सांगण्यांत आला. तो नापास झाला हें सांगावयास नकोच. पुढें तेथील वरिष्ठ न्यायालयानेंच कायद्याच्या अर्थानें गेलिक ही युरोपीय भाषा ठरत नाहीं असा निर्णय दिला. ही श्रुतलेखनाची चाचणी १९५८ सालीं रद्द झाली.

वाचक म्हणतील कीं, ही चाचणी आणि टोफेल ह्यांची तुलना अन्यायाची आहे. खरोखरच ती तशी करूं नये. एकींत उमेदवारानें नापास व्हावें हाच उद्देश. दुसरींत उमेदवाराची तयारी प्रामाणिकपणें मोजण्याचा यत्न. परंतु एक धडा दोहोंस लागू पडतो. प्रश्नपत्रिका दिसण्यांत कितीही निरुपद्रवी असली तरी तिचा अर्थ ती कोणाच्या हातीं आहे ह्यावर ठरतो. श्रुतलेखन केंब्रिजच्या १९१३ च्या परीक्षेंतही होतें.

ह्या दोन धारा प्रथम एकत्र आल्या त्या अमेरिकेंत. तेथील १९२४ च्या कायद्यानें निरनिराळ्या देशांतून येणाऱ्यांची संख्या बांधून टाकली. परंतु खऱ्या विद्यार्थ्यांना त्या संख्येच्या बाहेर ठेवलें. साहजिकच ‘खरा विद्यार्थी’ कोण, हा प्रश्न सरकारला पडला. आणि ज्यास शिकविण्याची भाषाच येत नाहीं तो खरा विद्यार्थी कसा, असें त्याचें अर्धें उत्तर निघालें. १९३० सालीं तेथील कॉलेज बोर्डानें परदेशीं घेण्याजोगी इंग्रजीची एक परीक्षा काढली. तींत उतारे, श्रुतलेखन, संभाषण व निबंध हीं सारीं होतीं. पण जगावर मंदीचें सावट पडलेलें. उमेदवार मिळेनात, आणि थोड्याच वर्षांत ती बंद पडली. तरीही एक गोष्ट कायमची झाली. विद्यापीठाच्या शंकेस आतां सरकारच्या शंकेची जोड मिळाली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ अमेरिकेकडे लागला. १९६१ सालच्या मे महिन्यांत वॉशिंग्टन येथें ह्या विषयावर तज्ज्ञांची परिषद भरली, आणि तिच्यांतून निघालेली टोफेल ही परीक्षा १९६४ सालीं प्रथम घेण्यांत आली. ह्या काळावर रॉबर्ट लाडो ह्या मिशिगनच्या भाषाशास्त्रज्ञाच्या विचारांची छाप आहे. हा मनुष्य अमेरिकेंत जन्मला खरा, पण वाढला स्पेनमध्यें, आणि इंग्रजी शिकला तो वयांत आल्यावर. परक्या भाषेंत आपण नेमके कोठें अडखळतों हें त्यानें स्वतः अनुभवलें होतें. भाषा हे अनेक लहान लहान घटक. प्रत्येक घटकास एक प्रश्न. प्रत्येक प्रश्नास चार उत्तरें व त्यांतील एक बरोबर, अशी ह्या पद्धतीची मांडणी. तिचा गुण मोठा आहे. परीक्षक दयाळू आहे कीं चिडखोर, त्याची न्याहारी झाली आहे कीं नाहीं, ह्यावर उमेदवाराचें भवितव्य अवलंबून राहत नाहीं. नागपूरच्या व नैरोबीच्या मुलास एकच माप लागतें. परंतु किंमतही मोठी द्यावी लागली. आरंभींच्या टोफेलमध्यें लेखनाचा एक स्वतंत्र विभाग होता, आणि त्यांत लेखन नव्हतें; दुसऱ्याच्या वाक्यांतील चूक ओळखून खूण करावयाची, इतकेंच. खरा निबंध तींत १९८६ सालीं, तोही कांहीं परीक्षांपुरता आला. आणि बोलणें हा मुख्य परीक्षेचा भाग होण्यास २००५ साल उजाडलें. जें मोजणें सोपें तें आधीं मोजलें गेलें, व जें महत्त्वाचें तें चाळीस वर्षें दाराबाहेर तिष्ठत राहिलें.

इंग्लंडांत ह्याच प्रश्नाचें उत्तर निराळ्या वाटेनें शोधण्यांत आलें. ब्रिटिश कौन्सिलच्या कामासाठीं ॲलन डेव्हिस ह्यांनीं १९६५ च्या सुमारास एक परीक्षा तयार केली. १९८० सालीं तिची जागा दुसरीनें घेतली, आणि हिची कल्पना मोठी न्याय्य होती. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास वैद्यकाचे उतारे द्यावे, तंत्रविद्येच्या विद्यार्थ्यास तंत्रविद्येचे, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास समाजशास्त्राचे. कारण प्रत्येकास आपल्या शास्त्रापुरतें इंग्रजी समजलें म्हणजे काम भागतें. १९८९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या सहकार्यानें तिचें आयईएलटीएस झालें, आणि १९९५ सालीं हे विषयवार विभाग काढून टाकून सर्व विद्याशाखांस एकच पत्रिका ठेवण्यांत आली. विषयवार पत्रिका तयार करणें कठीण, त्या समान काठिण्याच्या राखणें त्याहून कठीण. व्यवहाराच्या दृष्टीनें हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण शिक्षकाचा मूळ प्रश्न त्या दिवशीं एक पाऊल मागें सरला, असें मला वाटतें.

आणि पहारेकरी पुढें आला. त्याचें सर्वांत कठोर उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. इंग्लंडांत विद्यार्थ्यांना व्हिसा देण्यासाठीं ज्या परीक्षा मान्य होत्या त्यांत टोइक नांवाची एक होती. तिच्या कांहीं केंद्रांत तोतये बसविले जातात हें २०१४ सालीं बीबीसीनें उघडकीस आणलें. लबाडी झाली होती ह्यांत शंका नाहीं. परंतु त्यानंतर ध्वनिमुद्रणें तपासून, २०११ ते २०१४ ह्या काळांतील सुमारें ५८,००० चाचण्यांपैकीं जवळजवळ ३४,००० बाद व आणखी २२,००० संशयास्पद ठरविण्यांत आल्या. म्हणजे निर्दोष अशा जवळजवळ उरल्याच नाहींत! हजारों विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत आपल्या देशाचे विद्यार्थीही होते. अनेकांनीं वर्षानुवर्षें न्यायालयांत दाद मागितली, व त्यांपैकीं कांहीं जिंकलेही. तेथील हिशेबतपासनीस खात्यानें २०१९ सालीं आपल्या अहवालांत नमूद केलें कीं, निरपराध मनुष्यही ह्यांत सांपडून, आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधि न मिळतां फसवा ठरला असण्याचा संभव होता. न्यायाधीशासमोर अस्खलित इंग्रजींत आपली कैफियत मांडणारा तरुण कागदावर इंग्रजी न येणारा ठरतो, तेव्हां परीक्षा भाषेची राहिलेली नसते हें निराळें सांगावयास नको.

ह्याच्या जोडीला व्यापार आहे. २०२१ सालीं ब्रिटिश कौन्सिलनें हिंदुस्थानांतील आपला आयईएलटीएसचा व्यवहार आयडीपी ह्या ऑस्ट्रेलियन कंपनीस १३ कोटी पौंडांना विकला. तीन पौंड शुल्क व तीन उमेदवार येथपासून सुरू झालेली ही कथा अशी कोठल्या कोठें गेली! जेथें एवढा पैसा तेथें शिकवण्यांचे वर्गही येणारच. आणि त्या वर्गांत इंग्रजी शिकवीत नाहींत, परीक्षा शिकवितात. निबंधाचें पहिलें वाक्य कसें असावें, दुसरें कसें असावें, ह्याचे सांचे पाठ करून मुलें बाहेर पडतात. मी गेलीं कित्येक वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. उत्तम गुणांचा कागद हातीं असूनही ज्यास वादग्रस्त उताऱ्यांतील लेखकाचा रोख सांगतां येत नाहीं असे विद्यार्थी मला भेटतात, आणि कमी गुण पडल्यामुळें खचलेले चांगले वाचकही भेटतात.

मग ह्या परीक्षा नकोत काय? असें मी म्हणणार नाहीं. भाषा न समजतां परदेशीं जाऊन दोन वर्षें व घरच्यांचें कर्ज वाया घालविण्यापेक्षां आधींच सावध होणें केव्हांही बरें. शिक्षकाचा प्रश्न खरा आहे आणि त्याचें उत्तर दिलेंच पाहिजे. माझें म्हणणें इतकेंच कीं, ज्या विद्यापीठास तो प्रश्न पडतो त्यानें त्याचें उत्तरही स्वतः शोधावें. विद्यार्थ्याचें लिखाण वाचावें, त्याच्याशीं अर्धा तास बोलावें, आणि अर्ध्या गुणाच्या फरकावर एखाद्याचें आयुष्य ठरवूं नये. बॉडलेबाईंनीं एक पत्र वाचून जो निर्णय घेतला तो चुकला नाहीं. लाखों अर्जांच्या काळांत असें वाचन कष्टाचें आहे खरें, पण लाखों शुल्कें घेतांना तो कष्ट कोणास आठवत नाहीं.

आपल्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेची तयारी अवश्य करावी, शुल्क भरावें, गुण मिळवावे. मात्र कमी गुणांचा कागद हातीं आला असतां तो आपल्या बुद्धीवरचा किंवा आपल्या शिक्षणावरचा निकाल समजूं नये. तो एका विवक्षित काळीं, विवक्षित सोयीसाठीं घडविलेल्या मापाचा आंकडा आहे. तें माप आजवर अनेकदां बदललें, आणि पुढेंही बदलेल. १९१३ सालीं जे तिघे नापास झाले त्यांना इंग्रजी येत नव्हतें असें कोणी म्हणणार नाहीं. ते इंग्रजी शिकविण्याची उमेद धरून आले होते. बदल पुढें झाला तो परीक्षेंत.