हसऱ्या चित्रांनी फोडलेले कलादालन

१/ ३१ ऑक्टोबर १९६२. न्यू यॉर्कच्या ५७व्या रस्त्यावर सिडनी जॅनिस यांच्या कलादालनाने एक प्रदर्शन खुले केले. त्यानंतर लवकरच दालनाच्या चार ख्यातनाम चित्रकारांनी निषेध म्हणून त्याच्याशी संबंध तोडले. गंभीर चित्रांच्या घरात विनोदाला जागा असावी का, हा वादाचा मुद्दा होता. त्या वादाचा हा इतिहास. 🧵

२/ शर्टांच्या व्यवसायात पैसा कमावलेल्या जॅनिस यांनी १९४८ साली दालन काढले. पुढील दशकात पोलॉक, द कूनिंग, रॉथको, मदरवेल, गॉटलिब, गस्टन अशी अमूर्त अभिव्यक्तिवादाची अग्रणी मंडळी तेथे एकत्र आली.

३/ या पंथात रंगाच्या पोताला नैतिक मोल होते. जाड थर, ओघळ, खरवडलेला पृष्ठभाग, थरांवर थर ही सारी चित्रकाराच्या अंतःसंघर्षाची खूण मानली जाई. रॉथको यांनी तर एका उंची उपाहारगृहासाठी केलेली भित्तिचित्रे घेतलेली रक्कम परत करून स्वतःकडेच ठेवली. भोजनाची शोभा वाढवणे त्यांच्या चित्रांना मानवणारे नव्हते.

४/ आणि आता त्याच दालनात वॉरहॉल यांचे सूपचे डबे, लिक्टेनस्टाइन यांची कॉमिकसारखी चित्रे आणि ओल्डेनबर्ग यांचे प्लास्टरचे खाद्यपदार्थ आले. टिंगेली यांचा फ्रिज उघडताच भोंगा वाजे. प्रदर्शनासाठी जॅनिस यांनी त्याच रस्त्यावरील एक रिकामे दुकानही भाड्याने घेतले होते. बाजारातील वस्तूंची चित्रे दुकानाच्या काचेआड मांडली गेली.

५/ रॉथको, मदरवेल, गॉटलिब आणि गस्टन बाहेर पडले. द कूनिंग राहिले. जाणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. ज्या बाजारू झगमगाटापासून चित्र वाचवण्यात त्यांनी आयुष्य घातले, तोच आता चित्राचा विषय होऊन त्यांच्या शेजारी लटकत होता.

६/ परंतु इतिहास येथे चिमटा काढतो. १९४३ मध्ये रॉथको आणि गॉटलिब यांनीच न्यू यॉर्क टाइम्सला पत्र लिहून गोंधळलेल्या समीक्षकाला उत्तर दिले होते. १९५० मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे परीक्षक नव्या कलेचे वैरी आहेत, अशा जाहीर निषेधपत्रावर या दोघांसह मदरवेल यांचीही सही होती. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे! बारा वर्षांत कालच्या सुनांच्या हाती घराच्या किल्ल्या आल्या होत्या.

७/ विनोद तेथेच थांबला नाही. १९६५ पासून लिक्टेनस्टाइन यांनी कुंचल्याच्या फटकाऱ्यालाच विषय केले. अमूर्त चित्रकार ज्या फटकाऱ्यात आत्मा ओतत, तो त्यांनी काळ्या रेघेने बांधून छापील ठिपक्यांवर सपाट बसवला. हातात पोत लागत नाही, केवळ पोताचे चित्र दिसते.

८/ खरी कलाटणी १९७० ची. निषेध म्हणून बाहेर पडलेल्या गस्टन यांनी न्यू यॉर्कच्या मार्लबरो दालनात नवी चित्रे मांडली. व्यंगचित्रासारखी बोजड बोटे, बूट, सिगार आणि कू क्लक्स क्लॅनचे टोपधारी! देशात हिंसा माजली असता केवळ रंगसंगती जुळवत बसणे त्यांना अशक्य झाले होते. रंगाचा जाड पोत मात्र पूर्वीचाच राहिला.

९/ टीकेचा भडिमार झाला. संगीतकार मॉर्टन फेल्डमन यांच्याशी असलेली जिवलग मैत्री तुटली. द कूनिंग यांनी मात्र त्या चित्रांमधले स्वातंत्र्य ओळखून गस्टन यांचे अभिनंदन केले. दालन न सोडणारे तेच द कूनिंग.

१०/ जॅनिस यांनी १९६७ मध्ये आपल्या संग्रहातील १०३ कलाकृती न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला दिल्या. त्यांत पोलॉक आहेत आणि पॉप पिढीतले सेगलही. १९६२ मध्ये एका छताखाली न मावलेल्या दोन पिढ्या आता एकाच दानपत्रात आहेत. आणि गस्टन यांच्या अखेरच्या दशकातील चित्रांत तर त्या एकाच कॅनव्हासवर नांदतात.