गिरणी, गरोदर स्त्री आणि तिचे ताट

१९२८ साल म्हटले की आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप आठवतो. त्याच साली मुंबईत आणखी एका कामाला आरंभ झाला; त्याचा उल्लेख आमच्या इतिहासात सहसा येत नाही.

बाळंतपणात स्त्रिया एवढ्या का दगावतात, ह्याचा शोध घेण्यासाठी ल्यूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टरीणबाई त्या साली आल्या. गिरणीत राबणाऱ्या कित्येक गरोदर बाया रक्त आटून पांढऱ्याफटक पडत, काही त्यातच जात. विल्सबाई रक्त तपासून थांबल्या नाहीत. ह्या बाया खातात काय, हे त्यांनी पाहिले. ताटात भाजीपाला व फळे नाममात्र. तसलाच आहार माकडांना दिला, तीही आजारी पडली. मग मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि रक्त भरू लागले. बायांनाही तोच गुण आला. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

अर्कातले द्रव्य १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणतात. नव्या तांबड्या पेशी घडावयास ते लागते, आणि पोटात मूल असता गरज वाढते.

म्हणजे औषध पालेभाजीतच होते! मग ती ताटात का नव्हती? एक कारण पगार. ते आम्ही ओरडून सांगितले. १९२८ साली प्रसूती-लाभाच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी कायदे कौन्सिलात पाठिंबा दिला, १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदाही झाला. पण दुसरे कारण आमच्याच घरात होते. वाढणारी बाई सर्वांच्या मागून जेवते. तिच्या वाट्याला उरते काय, हे आम्ही कोणत्याही सभेत विचारले नाही.

लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांची सरकारी योजना १९७० साली सुरू झाली. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५७ स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांची शंभरांतली ६७ बालके रक्तक्षयी आढळली. गोळी हवीच, पगारही हवाच. पण आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढे पाहावे, की शेवटच्या ताटात भाजी उरली आहे की नाही. ही मागणी मालकाकडे करावयाची नाही; ती आपणच आपल्याकडे करावयाची आहे.