चांदीच्या उजाळ्याची कुळकथा

चिंच लावली की तांब्याचा हंडा बघता बघता लालबुंद होतो. लिंबाची फोड फिरवली की पितळी समई उजळते. तीच चिंच काळवंडलेल्या चांदीच्या करंड्याला लावा, हात भरून येईपर्यंत चोळा. काळेपणा फारसा हलत नाही. चांदी उजळण्याच्या सगळ्या युक्त्या या एका अडचणीतून जन्माला आल्या आहेत.

तांब्यावर चढतो तो मुख्यतः ऑक्साइडचा थर, आणि तो आंबटात विरघळतो. चांदीचे मात्र ऑक्सिजनशी वाकडे नाही, तिचे वैर गंधकाशी. हवेतला हायड्रोजन सल्फाइड, अंड्या-कांद्यातला, लोकरीतला, रबरातला गंधक तिला भिडतो आणि तिच्या अंगावर सिल्व्हर सल्फाइड तयार होते. दमट हवेत हे काम अधिक वेगाने चालते. आधी पिवळसर झाक येते, मग तपकिरी, मग निळसर जांभळी आणि शेवटी काळी. हा थर चिंचेच्या सौम्य आम्लाला दाद देत नाही. शिवाय तो बाहेरून बसलेला मळही नव्हे: त्या काळ्या थरात वजनाने ८७ टक्के चांदीच असते. तो घासून काढणे म्हणजे दागिना घासून काढणे, आणि ही गोष्ट उमजायला माणसाला फार काळ लागला.

चांदीची जात वेगळी आहे, एवढे मात्र फार पूर्वीच लक्षात आले होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीचे नियम आहेत. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे यांना क्षार, आंबट आणि पाणी सांगितले आहे. नक्षी नसलेल्या चांदीच्या भांड्याला मात्र नुसते पाणी पुरे. हा नियम शुचितेचा आहे, चकाकीचा नव्हे. तरीही नक्षीची चांदी त्यातून वगळावी हे बारकाईने पाहणाऱ्यालाच सुचेल. वेलबुट्टीच्या खाचांत काय काय अडकून बसते ते पूजेची उपकरणी घासणाऱ्या कुणालाही विचारा.

रोममध्ये पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या ज्ञानकोशात चांदीला झळाळी आणणाऱ्या एका खास पांढऱ्या मातीची नोंद केली आहे. पुढे कित्येक शतके बारीक खडूची पूड हेच चांदीचे साबण-पाणी होते. ही निवड शहाणपणाची होती, कारण खडू जवळजवळ चांदीइतकाच मऊ असतो. राखुंडीतले वाळूचे कण तिच्यावर ओरखडे काढतात, खडू ते फारसे काढत नाही. आजही संग्रहालयांतले जतनतज्ज्ञ जुन्या चांदीवर अतिशय बारीक खडू ओला करून वापरतात.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चांदीचा पातळ पत्रा तांब्यावर बसवून भांडी घडवण्याची रीत शेफील्डला सुरू झाली, आणि १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. चांदी मध्यमवर्गाच्या टेबलावर आली, पण केसाएवढ्या थराची. घासता घासता खालचे तांबे डोकावू लागले. त्या काळच्या कित्येक पुडींत पारा असे. तो चांदीवर क्षणात आरशासारखी चकाकी आणी आणि तिला आतून खाई. लेस्टर शहरातल्या जोसेफ गॉडर्ड या औषधविक्रेत्याने १८३९ मध्ये बिनपाऱ्याची पूड बाजारात आणली आणि तिचे बिनपाऱ्याचे असणे नावातच मिरवले. आपल्याकडे टूथ पावडरीने करंडा घासण्याची जी चाल पडली, तिची जातकुळी हीच. घासणे आले की थोडी चांदी गेलीच.

सोनार मात्र हे नेहमीच जाणून होते. पेढीवरच्या केरातून, भट्टीच्या राखेतून सोन्याचांदीचे कण वेचण्यावर झारेकऱ्यांचे पोट चालत आले ते काही उगाच नाही. दागिना धुवायला सोनार रिठ्याचे पाणी वापरतात. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते. ते साबणासारखा फेस करून घाम, तेल, हळदकुंकवाचा चिकटा सोडवते. सल्फाइडचा थर मात्र रिठा विरघळवत नाही. म्हणून सोनार त्या पाण्याबरोबर पितळी तारांचा ब्रश फिरवतात. तो त्यांच्या सरावलेल्या हातातच शोभतो.

काळ्या थरात गेलेली चांदी परत दागिन्यावर बसवणारी युक्ती निघाली ती ॲल्युमिनियममुळे. हा धातू १८८६ पर्यंत महाग होता. त्या वर्षी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, तो विजेने वेगळा करण्याची एकच पद्धत शोधली. बारा वर्षांत, १८९८ मध्ये, मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन ॲल्युमिनियमची भांडी घडवून घेऊ लागले. आणि १९१६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने चांदी साफ करण्याच्या विद्युत-रासायनिक पद्धतीवर एक पुस्तिकाच काढली.

कृती अगदी घरगुती आहे. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरायची, त्यात लिटरभर कढत पाणी, मोठा चमचाभर खाण्याचा सोडा आणि लहान चमचाभर मीठ. दागिना फॉइलला टेकलाच पाहिजे, कारण दोन धातूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह तिथूनच वाहतो. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागी राहते. सडक्या अंड्याचा दर्प आला तर घाबरू नका, खिडकी उघडा; तो सुटणारा हायड्रोजन सल्फाइड आहे. काही मिनिटांत पैंजणाच्या कड्या उजळतात आणि फॉइल काळपट पडते. परत बसलेली चांदी कधी जरा निस्तेज दिसते. मऊ सुती कापड फिरवले की पुरते.

ही युक्ती सरसकट मात्र करू नये. मोती, पोवळी, चिकटवलेले खडे, लाख भरलेले पोकळ मणी आणि रेशमात ओवलेले दागिने कढत सोड्यात घालू नयेत; त्यांना ओलसर मऊ कापडच बरे. ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून मिळणाऱ्या दागिन्यांचा काळेपणा तर कारागिराने गंधकाच्या क्षाराने मुद्दाम चढवलेला असतो. नक्षीच्या खोलगट भागात तो असतो म्हणूनच उठावाची फुले डोळ्यांत भरतात. फॉइलच्या पाण्यात तो सगळा उतरतो आणि दागिना पांढराफटक पडतो. आजीच्या जुन्या तोड्यांच्या खाचांत साठलेली काळी छटाही तशीच राहू द्यावी.

बाजारातली झटपट द्रावणे टाळलेलीच बरी. त्यांतल्या बऱ्याच द्रावणांत थायोयुरिया आणि आम्ल असते. थर जातो, पण त्यातली चांदीही बाटलीत जाते.

रोजच्या जोडव्यांना, वाळ्यांना आठवड्यातून एकदा कोमट रिठ्याचे पाणी आणि मुलांचा मऊ ब्रश पुरतो. सणानंतर चांदी ठेवताना ती पूर्ण कोरडी करा, लोकर आणि रबरबँड यांपासून लांब ठेवा आणि प्रत्येक नग हवाबंद प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत घाला.